चौदा आण्यांच्या पुढे नाही

गनीचाचांच्या दुकानात भिंतीवर दोन घड्याळं होती, एकमेकांना लागून. चहा कपात बरोबर पाच मिनिटं मुरायला हवा, आणि पाच मिनिटं मोजायला एक घड्याळ पुरतं. एक बंद पडलं तर दुसरं असावं, अशी मी मनाशी समजूत करून घेतली होती. विचारलं नव्हतं. मी फारसं काही विचारत नसे. शेवटी एका गिऱ्हाइकानेच विचारलं, तेव्हा चाचा म्हणाले, "एक खोटां बोललां तर दुसरां चाडी सांगता."

"आणि दोनय मिळान खोटी बोलली तर रे गनी?" बाकावर बसलेल्या भिकाजी मेस्त्रींनी विचारलं.

चाचांनी मान वर करून दोन्ही घड्याळांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा खरोखरच काळजीत पडला. पुढच्या आठवड्यापासून ते मनगटावरही घड्याळ बांधू लागले.

खारेपाटणच्या बाजारपेठेत, खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्याला त्यांचं दुकान. भिंतीवर माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर पुराच्या पाण्याची रेघ होती. तिच्यावरून दरवर्षी चुना फिरे आणि ती दरवर्षी पुन्हा दिसू लागे. दुकानात चहाची पावडर मिळे. दुसरं काही नाही. साबण नाही, उदबत्ती नाही, काडेपेटीसुद्धा नाही. चहा शेजारच्या वस्तूचा वास चोरतो, असं त्यांचं म्हणणं. "चाय म्हणजे चोर आसा," ते म्हणत, "आणि चोराच्या बाजूक काय ठेवचां नाय." मी पहिल्या दिवशी केसांना सुवासिक तेल लावून गेले होते. माझे चपचपीत केस बघताच त्यांनी मला दुकानाबाहेरच्या पायरीवर बसवून काम दिलं. संध्याकाळी रुकय्याचाची, त्यांची बायको, आतून येऊन हळूच म्हणाली, "उद्या तेल लावू नको गो. ह्येंचां असांच आसा."

चाचा उंच, किडकिडीत, मेंदी लावलेली आखूड दाढी, आणि सदऱ्याच्या खिशात एक लोहचुंबक. मोडक्या रेडिओच्या स्पीकरमधून काढलेला. स्वस्त पावडरीत लोखंडाची भुकटी मिसळतात म्हणून ते तो कुठल्याही चहावरून फिरवून बघत. कुठल्याही म्हणजे कुठल्याही. दोडामार्गला बहिणीच्या मुलाचं लग्न होतं, तिथे भटारखान्यात शिरून त्यांनी चहाच्या डब्यावरून चुंबक फिरवला, मग चिमूटभर पावडर थंड पाण्याच्या पेल्यात टाकली. चांगली पावडर थंड पाण्यात लगेच रंग सोडत नाही. या पावडरीने सोडला. चाचा तो पेला हातात धरून मांडवात आले आणि नवऱ्यामुलाच्या सासऱ्याला म्हणाले, "ह्यां बघा. नवरो बघून घेतलात ना नीट?" चाची सांगते, बहीण त्यांच्याशी वर्षभर बोलत नव्हती. चाचांना त्याचं दुःख नव्हतं. पावडर रंगवलेली होती, एवढं त्यांच्या लक्षात राहिलं होतं.

कोल्हापूरहून एजंट नमुन्याच्या पुड्या घेऊन येई. चाचा नमुना चाखत, पण त्यावर माल कधी घेत नसत. "नमुनो म्हणजे बघूक आणललो नवरो. त्या दिवशी तो दारू पीत नाय, शिव्या देत नाय, आवशीचां ऐकता." माल आला की गोणी वरून न उघडता खालच्या शिवणीने उसवायची, तळातली मूठभर पावडर काढायची, आणि ती नमुन्याच्या शेजारी ठेवून चाखायची. एजंट कपाळाला हात लावी. पण दुसऱ्या कुठल्या दुकानात जात नसे, कारण गनीचाचांनी पास केलेली पावडर म्हटलं की ती इथून देवगडपर्यंत न बघता खपे.

हे मला कळायला काही महिने लागले. चाचा चहा विकत होते, पण लोक तिथे यायचे ते त्यांच्या शब्दासाठी. हॉटेलवाले, टपरीवाले, समुद्रावरचे होमस्टेवाले विचारायचे, "चाचा, ही किती आणे?" चाचा सांगत, "बारा," किंवा "साडेधा," आणि विषय संपे. त्यांचं मोजमाप आण्यांत होतं. रुपयाचे सोळा आणे. साडेनऊच्या खालची पावडर दुकानात ठेवायची नाही, आणि चौदाच्या पुढे कुठल्याही चहाला द्यायचे नाहीत. मी दोन वर्षांत कोणाला पंधरा आणे मिळालेले पाहिले नाहीत.

"उरलेले दोन आणे मी देऊक शकणा नाय," ते म्हणत. "एक आणो पाण्याचो, एक आणो करतल्या हाताचो. ते माझ्या हातात नाय. जां हातात नाय तेची खात्री मी कशी देव?"

पाण्यावर त्यांचा भारी संशय. नवीन गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न, "तुझ्या विहिरीचां पाणी हाडलंस?" नसेल आणलं तर परत पाठवत; कोणतं मिश्रण द्यायचं ते पाणी चाखूनच ठरे. खाडीकाठचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं, किनाऱ्यावरच्या बोअरिंगचं तर बारा महिने. त्यात चांगला चहासुद्धा काळवंडतो. म्हणून दुकानाच्या एका फळीवर पाण्याच्या बाटल्यांची रांग होती, आणि प्रत्येक बाटलीवर गावाचं नाव. ती नावं माझ्या अक्षरात होती. कुणकेश्वरच्या एका होमस्टेवाल्याने एकदा शहाणपणा केला. आपल्या पाण्यासाठी महागाचं मिश्रण गळ्यात पडेल या भीतीने त्याने विकतच्या बाटलीतलं पाणी भरून आणलं. चाचांनी एक घोट घेतला, गुळणी केली, आणि त्याच्याकडे बघत म्हणाले, "तुझ्या विहिरीक समुद्र दिसता काय रे?"

"दिसता तर. पन्नास पावलांवर आसा."

"मगे ह्या पाण्याक तो दिसाक नाय."

मी तिथे कशी पोचले ते थोडक्यात सांगते. माझं गाव खारेपाटणहून एसटीने वीस मिनिटांवर. वडिलांची भातशेती आणि काजू. मला मात्र त्यांनी कणकवलीच्या इंग्रजी शाळेत घातलं. त्यामुळे माझं इंग्रजी बरं आणि मराठी पाहुण्यासारखं झालं, आणि दोन्हींतून मी बोलायचं टाळू लागले. पदवी झाल्यावर घरी बसले होते. समुद्रावरच्या होमस्टेवाल्यांना पर्यटकांसाठी छोट्या पाकिटांवर इंग्रजी मजकूर हवा होता, म्हणून गनीचाचा लिहिणारं माणूस शोधत होते. त्यांनी मला पाच मिनिटं प्रश्न विचारले. मी पाचही मिनिटं मान हलवली. "ह्यां बरां आसा," ते मेस्त्रींना म्हणाले. "बोलत नाय. बोलणारां माणूस काय लपवता तां कळणा नाय."

त्यांनी मला "इंग्लिश" हे नाव ठेवलं. "गो इंग्लिश, हय ये."

चार दिवसांनी कळलं की काम नुसतं लिहिण्याचं नाही. चाखणीच्या वेळी टेबलावर सहा पांढरे कप मांडले जात. पावडर एका लहान तराजूत, पंचवीस पैशांच्या जुन्या नाण्याने तोलायची. गेंड्याचं चित्र असलेलं ते नाणं. वर उकळतं पाणी, दोन घड्याळांची पाच मिनिटं. मग गाळून, दूध-साखर काही न घालता, चमचाभर कोरा चहा जोरात सुर्र करून ओढायचा, तोंडभर फिरवायचा आणि पत्र्याच्या डब्यात थुंकायचा. मला त्या सुर्र आवाजाची फार लाज वाटे. आणि चाचा म्हणत, "पयलो घोट तुझो."

"मला काही कळत नाही त्यातलं."

"म्हणानच तुझो. ज्याका कळता तो आधीच ठरवन चाखता."

मी चाखायची, आणि ते माझ्याकडे बघत. नुसतं बघत नसत, रोखून बघत. चमचा ओठाला लागल्यापासून डब्यात थुंकेपर्यंत नजर माझ्या चेहऱ्यावरून हलत नसे. मग ते स्वतः चाखत, थांबत, आणि म्हणत, "सव्वाबारा." मी लिहून घेई.

एका वयस्क माणसाने असं रोखून बघणं कुठल्या मुलीला आवडेल? मी घरी काही बोलले नाही. बोलले असते तर काम सुटलं असतं. पण मी सावध झाले. चाखणीच्या वेळी रुकय्याचाची आतल्या दाराच्या पडद्याशी लसूण सोलायला येऊन बसे, हे माझ्या लक्षात आलं होतं. दर वेळी, न चुकता. तिचाही नवऱ्यावर संशय आहे, असं मी तेव्हा धरून चालले. हळूहळू मला वाटू लागलं की ही नजर वेगळी आहे. ती मला तपासते आहे. मग एक दिवस मला कळलं की सहा कपांतल्या तीन कपांत एकच चहा होता. मला फसवायला. त्यानंतर माझी खात्रीच झाली. हा माणूस घड्याळावर विश्वास ठेवत नाही, तो माझ्यावर कशाला ठेवील?

म्हणून मी चेहरा बंद करायला शिकले. शाळेत हजेरीच्या वेळी शिकलेलं होतंच. वर्षभरात तो असा झाला की जिभेवर काहीही आलं तरी भुवई हलत नसे. मला त्याचा थोडा अभिमानही होता. चाचा माझ्याकडे अधिकच वेळ बघू लागले. कधी म्हणत, "आणि एकदा घे." मी आणखी एकदा घेई आणि भिंतीसारखी उभी राही.

एक गोष्ट मात्र मला खटकत असे. पाणी ते स्वतः आधी चाखत. मला विचारतसुद्धा नसत. चहा मात्र नेहमी मी आधी. असं का, हे मी मनात लिहून ठेवलं आणि तिथेच ठेवलं.

आता भिकाजी मेस्त्री. ते सुतार. चाचांचं चाखणीचं टेबल, तराजूची पेटी, माळ्यावरचे चहाचे खोके, सगळं त्यांच्या हातचं. रोज दुपारी ते येऊन बाकावर बसत आणि फुकट चहा पिऊन चाचांची चेष्टा करत. चाचांच्या नाकाची दंतकथा मी त्यांच्याकडूनच ऐकली. खूप वर्षांपूर्वी एक ट्रक दारात उभा राहिला, पहिली गोण उतरली, आणि चाचा ती न उघडताच म्हणाले, "परत ने. ही बांगड्यांच्या बाजूक बसान इली." ड्रायव्हर भांडला, आईची शपथ घेतली, आणि शेवटी कबूल झाला की वाटेत एका गावी सुक्या बांगड्यांच्या चार टोपल्या भाड्याने घेतल्या होत्या.

"गोण बंद होती?" मी विचारलं. माझा विश्वास बसला नव्हता.

"बंद! शिवलेली! ह्येचां नाक म्हणजे नाक नाय, पोलिसाचो कुत्रो आसा."

"कुत्रो तुझो बापूस," चाचा म्हणाले.

मेस्त्रींना एक खोड होती. बसल्या बसल्या त्यांना कसकसले वास येत आणि ते मोठ्याने सांगत. "काजी भाजतत खंयतरी." "रुकय्या, दूध लागता बघ खाली." "ह्या इंग्लिशच्या डब्यात आज तिसऱ्या आसत." चाचा कधी उत्तर देत नसत, पण चाचीने धावत जाऊन दूध उतरवलेलं मी पाहिलं आहे. चहा पितानाही त्यांची बडबड चाले. "आज वेलची जास्त झाली, गनी." "ही पावडर धुरकट लागता रे." म्हाताऱ्या माणसाला बोलायला विषय लागतो, असं मला वाटे.

श्रावणाच्या आधी मेस्त्री गेले. दुपारी झोपले ते उठले नाहीत.

आमच्याकडे मयत झालेल्या घरी भेटायला जाताना चहा-साखर घेऊन जातात. त्या घरात माणसं येत-जात राहतात, प्रत्येकाला कपभर चहा द्यावा लागतो, आणि ज्या घरात दुःख आहे त्यांना बाजारात पाठवायचं नसतं. त्यासाठी चाचांचं वेगळं मिश्रण होतं. माळ्यावर एका निराळ्या खोक्यात ते असे, आणि त्याला आणे नसत. ते ते विकत नसत. कुठल्याही जातीचं, कुठल्याही धर्माचं घर असो, चाचा स्वतः नेऊन देत. "रडललां तोंड आधीच खारट असता," ते म्हणत. "तेका नरम चाय होयी."

मेस्त्रींच्या घरी नेण्याच्या दिवशी त्यांनी ते खोकं खाली उतरवलं. चाखणी केली, ती मात्र एकाच कपाची. "पयलो घोट तुझो," ते म्हणाले. त्यांचे डोळे लाल होते.

मी चमचा ओढला आणि मला सुक्या मासळीचा वास आला. ठसठशीत नव्हे. मागून आलेला, पुसट. पहिला विचार आला तो माझ्या डब्याचा. त्या दुपारी मी सुकटाची किसमूर खाल्ली होती. दुसरा विचार लगेच आला. ही परीक्षा आहे. ते बघत होते, नेहमीपेक्षा रोखून, जवळजवळ विनवणी केल्यासारखं. मी भुवईसुद्धा हलवली नाही.

"आणि एकदा घे."

मी घेतला. आता वास नक्की होता. मी भिंतीसारखी उभी राहिले.

चाचांनी स्वतः एक चमचा ओढला, थुंकला. "बरी आसा," म्हणाले. आणि दोन किलो बांधली.

तिसऱ्या दिवशी बाजारात कुजबुज होती. मेस्त्रींच्या घरी मोठ्या टोपात चहा उकळला तसा घरभर सुक्या मासळीचा वास पसरला. सुतकाचं घर. तेरा दिवस मासळीचं नावसुद्धा काढायचं नाही, आणि भेटायला आलेल्या माणसांच्या हातात हा चहा. काहींनी कप तसेच ठेवले. मुंबईहून आलेला पुतण्या म्हणाला, "असं चुकून होत नसतं." एवढंच वाक्य. पण ते संध्याकाळपर्यंत गावाच्या ग्रुपवर गेलं आणि तिथे त्याला शेपट्या फुटल्या. कोणीतरी लिहिलं, चाय कोणाच्या दुकानातली ते बघा. कोणीतरी लिहिलं, नाव वाचा म्हणजे समजेल. ज्यांनी लिहिलं त्यांतले दोघे चाचांच्या बाकावर बसून वाढलेले होते.

सकाळी बाळा टपरीवाला पावडरीचा डबा परत घेऊन आला. तो चाचांच्या डोळ्यांना डोळा देत नव्हता. "माझां काय नाय चाचा. पण गिऱ्हाइकां बोलतत."

"काय बोलतत?"

"बोलतत कायतरी." डबा ठेवून तो गेला. दुपारपर्यंत आणखी दोघे आले.

चाचांनी आधी सगळ्यांवर संशय घेतला, त्यांच्या पद्धतीप्रमाणे. एजंटवर, ट्रकवाल्यावर, पुतण्यावर. तेवढ्यात चाची पडद्याबाहेर आली आणि रडत म्हणाली की तिचं चुकलं. महिन्यापूर्वी पुराची दवंडी आली होती. चाचा जुम्याच्या नमाजाला गेलेले. एसटी बंद म्हणून मी नव्हते. शेजारची सुकी मासळी विकणारी बाई टोपल्या घेऊन रस्त्यात उभी, पाणी पायरीला लागलेलं. चाचीने त्या दोन दिवस माळ्यावर ठेवू दिल्या. "गरीब बाय, तिची पावसाची बेगमी व्हावान गेली असती. आणि माका वाटलां, वास लागलो तर तुमका कळतलोच. तुमका कळत नाय असां कधी झालां?"

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. "तुका कळलां नाय?"

मी खोटं बोलू शकले असते. माझा चेहरा तयार होता.

"कळलं होतं," मी म्हणाले.

"मगे सांगलंस कित्याक नाय?"

"मला वाटलं तुम्ही माझी परीक्षा घेताय."

ते टेबलाशी बसले. तराजूतलं ते गेंड्याचं नाणं उचलून मुठीत धरलं. मग चाचीकडे न बघता, माझ्याकडेही न बघता बोलले. "परीक्षा नाय गो. दोन वर्सांमागल्या त्या साथीच्या तापात माझां नाक गेलां. जीभ आसा. खारट कळता, कडू कळता. वास येणा नाय. आणि चाय सगळी वासातच आसा. मी तुझ्या तोंडार बघून आणे सांगी. तीन कपांत एकच घाली, तां तुझां तोंड तीनय वेळा तसांच रवता काय बघूक. तुझां तोंड बरां होतां पयल्या वर्साक. सगळां दिसा. मगे तू तां बंद केलंस."

चाची म्हणाली, "माकाय सांगूक नाय?"

"तुका सांगलां असतां तर तू कोणाक तरी सांगलां असतंस."

तिला ते लागलं. ती म्हणाली, "दोन वर्सां मी केलल्या माशांच्या निस्त्याक तुमी रोज नावां ठेवतास. ती कशी?"

"आधी ठेवी तशीच," चाचा म्हणाले. एरवी मी हसले असते. मग चाची माझ्याकडे वळली. "आणि ह्ये माका सांगीत, चेडू चाखता तेव्हा थय येऊन बस, तेका एकटां वाटाक नको. मी बसान लसूण सोली. इतको लसूण कित्याक म्हणान विचारूक नाय कधी."

त्या दिवशी चाचांपुढे दोनच वाटा होत्या, आणि त्या मलासुद्धा दिसत होत्या. गप्प बसले, तर नाक शाबूत राहिलं असतं आणि माणूस वाईट ठरला असता. बोलले, तर माणूस सुटला असता, पण दुकान ज्या शब्दावर उभं होतं तो शब्द गेला असता. गेली दोन वर्षं दिलेला प्रत्येक आणा खोटा ठरला असता.

त्यांनी टोपी नीट केली. "चल," मला म्हणाले. "तू साक्षीदार."

मेस्त्रींच्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात, बारा-पंधरा माणसं होती. चाचा आत गेले नाहीत, पायरीशीच उभे राहिले. पुतण्या पुढे आला. चाचा त्याच्याशी न बोलता, दारात बसलेल्या मेस्त्रींच्या बायकोला म्हणाले, "वैनी, चायक वास लागललो. माका कळलो नाय. माझां नाक गेलां, दोन वर्सां झाली. मी लपवन ठेवलंय. हेतू नाय होतो माझो. चुकी माझी."

पुतण्या म्हणाला, "आता असं म्हणणं सोपं आहे. तुमच्या नाकाची तर सगळीकडे ख्याती आहे. नाक गेलं हे कशावरून?"

जे नाही त्याचा पुरावा काय द्यायचा? चाचांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडणार, एवढ्यात मेस्त्रीकाकी बोलल्या. आवाज बसलेला होता.

"माका ठाऊक आसा."

सगळे त्यांच्याकडे बघू लागले.

"ह्येंनी माका सांगललां. आमच्या सुतारकामाच्या कारखान्यात सरस करपान धूर झालो, आणि गनी बाजूक बसान येड्यासारखो बोलत होतो. तेच्या नाकापर्यंत काय पोचूकच नाय. तेव्हाच ह्येंका कळलां. माका म्हणाले, गनीचां नाक गेलां, कोणाक सांगू नको. तेका कळता कामा नये की माका कळलां. म्हणान रोज दुपारी जाईत. कायतरी जळता, कायतरी उतता, सांगाक व्हया कोणीतरी. आता सांगाक कोण नाय रवलां, म्हणान झालां ह्यां."

चाचा पायरीवर बसले. खाली बसताना त्यांनी खांबाला धरलं, एवढं मला आठवतं. घड्याळावर घड्याळ लावणाऱ्या माणसाला दोन वर्षं कोणीतरी रोज सांभाळत होतं, आणि त्याला त्याचा साधा संशयसुद्धा आला नव्हता.

काकींनी आत हाक मारून कोरा चहा करायला सांगितला. "दुसऱ्या डब्यातलो कर गो." कप आला. चाचांनी तो दोन्ही हातांत धरला, सुर्र केलं नाही, साध्या माणसासारखा प्यायले. पुतण्या थोडा वेळ उभा राहिला आणि मग आत गेला. त्याने माफी मागितली नाही. ग्रुपवर लिहिलेलंही कोणी पुसलं नाही. नंतर त्यावर दुसरं काही आलं आणि ते खाली गेलं.

बाळा टपरीवाला महिन्याभराने परत आला. सगळे आले नाहीत. जे आले ते चाचांना विचारत, "किती आणे?" आणि विचारून झाल्यावर नजर माझ्याकडे वळवत. चाचांना ते दिसे. त्यांनी एक दिवस चाखणीच्या टेबलाची खुर्ची उलटी फिरवली. खाडीकडे तोंड, माझ्याकडे पाठ.

"आता तोंड बघूचां नाय," म्हणाले. "तोंडान सांग. आणि खोटां बोललंस तर माका कळूचां नाय, ह्यां धरून सांग."

मी चाखला. ते वाट बघत राहिले. दोन्ही घड्याळं त्यांच्या पाठीमागे होती आणि त्यांनी वळून बघितलं नाही.

"साडेअकरा," मी म्हणाले. "थोडा धुरकट आहे."

त्यांनी ते वहीत लिहिलं. स्वतः चाखला नाही.

पुढच्या वर्षी मला पुण्यात नोकरी लागली. शेवटच्या दिवशी निरोप घ्यायला गेले तेव्हा टेबलावर सहा कप मांडलेले होते. "जा, एसटी चुकात," एवढंच ते म्हणाले. चाचीने मला पावडरीचा एक पुडा दिला. पुड्यावर आणे लिहिलेले नव्हते; माळ्यावरच्या त्या निराळ्या खोक्यातला होता. मी काय ते समजले आणि काही विचारलं नाही.

एसटी बाजारपेठेतून वळताना दुकान खिडकीतून दिसलं. चाचा खाडीकडे तोंड करून बसले होते, मांडीवर वही. त्यांच्या मागे रुकय्याचाची उभी, हातात चमचा. तिने सुर्र केलं असावं, कारण आधी ती लाजून हसली, मग काहीतरी बोलली. चाचांनी मान हलवली. वळून न बघता लिहायला लागले.